शोधगंगेच्या काठी

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याची जुनी अडचण या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. क्रमिक पुस्तके मिळतात, शिकविणारेही मिळतात; परंतु एखाद्या विषयाच्या मुळाशी जावयाचे ठरविले, की गाडे अडते ते ग्रंथापाशी. हवा असलेला प्रबंध पुण्याच्या किंवा नागपूरच्या विद्यापीठात, आणि विद्यार्थी बडोद्यात अथवा इंदुरात. आमच्या पिढीतील अनेकांनी एकेका प्रबंधासाठी रजा काढून प्रवास केला आहे, आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत हाताने टिपणे उतरवून घेतली आहेत.

ग्रंथ वाचकाच्या दारी नेण्याची कल्पना बडोद्यास नवीन नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम अलान्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी धाडणारी फिरती ग्रंथालये निघाली. त्या पेटीत काय घालावयाचे हे कोणीतरी जाणत्याने ठरविलेले असे. आज तशी पेटी प्रत्येकाच्या खिशात आहे, परंतु तिच्यात निवड करून देणारा कोणी नाही. ही उणीव लक्षात न घेता मुलाच्या हाती संगणक दिला, म्हणजे अभ्यासाची सोय झाली असे मानणाऱ्या पालकांचे मला नवल वाटते.

प्रस्तुत लेखात ज्या साधनाविषयी प्रामुख्याने सांगावयाचे आहे, ते म्हणजे ‘शोधगंगा’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार पीएच. डी. प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक ठरले. या प्रती एकत्र ठेवण्याचे काम गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या संस्थेकडे आले. देशभरातील विद्यापीठांचे लाखो प्रबंध आज तेथे आहेत, आणि ते वाचावयास शुल्क नाही की सभासदत्वाची अट नाही. विवाहानंतर शिक्षण थांबलेल्या, मनात मात्र एखादा विषय जपून ठेवलेल्या आपल्या कितीतरी भगिनींना ही केवढी सोय आहे!

मात्र शोध घेण्याची रीत ठाऊक हवी. मराठी प्रबंधांची शीर्षके कोठे देवनागरीत, तर कोठे रोमन लिपीत नोंदलेली असतात, आणि रोमन नोंदीत एकाच शब्दाची दोन-तीन स्पेलिंगे संभवतात. म्हणून एका प्रयत्नात काही हाती लागले नाही, तर प्रबंधच नाही असे समजू नये. दोन्ही लिप्यांत, निरनिराळ्या रीतींनी, लेखकाच्या व मार्गदर्शकाच्या नावानेही पाहावे. प्रबंधाची प्रकरणे बहुधा सुटी ठेवलेली असतात. मी विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो, की पहिले प्रकरण उघडण्याआधी अखेरची संदर्भग्रंथसूची उघडा. प्रबंध सामान्य असला तरी त्याची सूची उत्तम असू शकते, आणि त्या विषयावर आधी कोणी काय लिहिले, हे दहा मिनिटांत समजते.

दुसरी अडचण टंकाची. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे; तथापि आपल्याकडील टंकलेखन पुढे कितीतरी वर्षे निरनिराळ्या खासगी फाँटांत होत राहिले. अशा प्रबंधातील उतारा नकलून घ्यावयास जावे, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. छायाचित्रासारख्या उतरविलेल्या पानांत तर शब्द शोधताच येत नाही. एका परीने हे बरेच म्हणावयाचे. उतारा हाताने लिहून काढावा लागला, की तो निदान एकदा तरी वाचला जातो.

उचलेगिरीविषयी आयोगाचे २०१८ चे नियम कडक आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सुधारलेला प्रबंध पुन्हा द्यावा लागतो. साठ टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. नुसत्या चित्ररूप पानांतील मजकूर तपासणाऱ्या यंत्रास दिसत नाही, हे काही चतुर मंडळींनी हेरले आहे. तेथे मार्गदर्शकाचे वाचनच कामास येते.

कोशांची स्थिती अधिक समाधानकारक आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाने सर्वांस खुला केला आहे. शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही तेथेच पाहावयास मिळतो. महानुभाव गद्य घरी बसून वाचू इच्छिणाऱ्यास याहून मोठा सोबती नाही. मराठी विश्वकोशाचे खंडही आता संगणकावर उपलब्ध आहेत.

‘स्वयम्’ या अभ्यासक्रमांच्या योजनेविषयी थोडक्यात सांगतो. ती २०१७ मध्ये सुरू झाली. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम तिच्याद्वारे पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठांस दिली. प्राध्यापकांसाठी २०१८ मध्ये तिच्यावरच ‘अर्पित’ नावाचे उजळणीवर्ग निघाले. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. बहुसंख्य पाठ इंग्रजीत आहेत. आपल्या विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केला आहे काय, हे नाव नोंदविण्यापूर्वीच विभागात विचारून घ्यावे; नंतर विचारणाऱ्यांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. सून पडद्याकडे पाहत बसली आहे म्हणजे ती करमणूकच करीत आहे, असे गृहीत धरू नये. शंभर पानांचा प्रबंध मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर वाचणे डोळ्यांस जड जाते. घरात संगणक असेल, तर रात्रीचा एक तास तो तिच्यासाठी मोकळा ठेवावा. आणि आपणही एखाद्या दुपारी शोधगंगेत बडोद्याचे किंवा गायकवाडांचे नाव घालून पाहावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात सादर झालेले प्रबंधही तेथे आहेत.