‘मला झोप येत नाही’ हा पुरावा नव्हे

पावसाळा लागून भिंतींना ओल धरू लागली आणि घरोघर शिंकांचे सत्र सुरू झाले, की एक वाक्य मला हमखास ऐकावे लागते: ‘सर्दीची गोळी मी नेहमीच घेतो, मला तिने मुळीच झोप येत नाही, गाडी खुशाल चालवतो.’ असे म्हणणारी माणसे बेफिकीर नसतात. मद्याचा एक घोट घेतला तरी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हवाली करण्याइतकी ती जबाबदार असतात, आणि म्हणूनच त्यांच्या या निश्चिंतपणाने मला अधिक उद्वेग वाटतो.

हिस्टामिन नावाचे जे द्रव्य नाकात शिंका आणि पाणी आणते, तेच मेंदूत जागृती टिकवून धरण्याचे काम करते. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुन्या पिढीची औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि हिस्टामिनचा अंमल तेथेही मोडून काढतात. डोळे जड होणे हा या परिणामाचा केवळ दृश्य भाग होय. अवधान विखुरणे आणि सुकाणूवरचा हात अस्थिर होणे हे झोपेची चाहूल न लागताही घडू शकते.

ज्यांना हा तर्क पटत नाही, त्यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. परागकणांच्या अ‍ॅलर्जीने त्रस्त अशा चाळीस परवानाधारक चालकांना निरनिराळ्या दिवशी ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन, ६० मिलिग्रॅम फेक्सोफेनाडिन, मद्य आणि निव्वळ बनावट गोळी देऊन, कोणत्या दिवशी काय दिले याचा त्यांना व परीक्षकांना पत्ता लागू न देता, रस्त्याचा हुबेहूब आभास निर्माण करणाऱ्या यंत्रात गाडी चालवायला लावले. मद्याची मात्रा रक्तात १०० मिलिलिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम व्हावी अशी, म्हणजे आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक होती. तरीही पुढच्या गाडीच्या वेगाशी आपला वेग जुळता ठेवण्यात डायफेनहायड्रामिन घेतलेले चालक मद्य घेतलेल्यांपेक्षाही मागे पडले. फेक्सोफेनाडिनची कामगिरी मात्र बनावट गोळीसारखीच निघाली, कारण हे नव्या पिढीचे औषध मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद ही, की ‘मला किती झोप येते आहे’ याविषयी चालकांनी स्वतः दिलेल्या उत्तरावरून त्यांचे वाहन चालवणे किती बिघडले आहे याचा भरवशाचा अंदाज करता येत नव्हता. ज्या मेंदूवर औषधाचा अंमल आहे, त्याच मेंदूला स्वतःचा पंच नेमून त्याचा निवाडा ग्राह्य कसा धरावा?

‘गोळी रात्री घेतली, सकाळी तिचा काय संबंध?’ क्लोरफेनिरामिनची शरीरातील मात्रा निम्म्यावर यायला प्रौढ माणसात बहुधा वीस तासांच्या आसपास लागतात. ‘नव्या गोळ्या सगळ्याच निर्धोक’ हेही खरे नव्हे. सेटिरिझिनने काहींना सुस्ती येतेच. सर्दीवर गोळी आणि वर थोडी ब्रँडी हा जुना घरगुती इलाज तर सर्वांत घातक, कारण दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढतो. कडक कॉफीने मद्य लवकर उतरते, असेही नाही. यकृत आपल्याच गतीने, १०० मिलिलिटरमागे ताशी सुमारे १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने, रक्तातील मद्याचे प्रमाण खाली आणते.

‘पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तरी गोळी सापडत नाही’ हे म्हणणे अक्षरशः खरे आहे, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याच्या मर्यादेबरोबरच, गाडीवर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतका औषधाचा अंमल असणे हाही गुन्हा मानला आहे.

औषधाच्या दुकानात ‘सर्दीचे काहीतरी द्या’ एवढेच सांगून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत तापावरच्या पॅरासिटामॉलच्या जोडीला क्लोरफेनिरामिन असतेच. त्याचे नाव पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि गाडी चालवायची आहे एवढे दुकानदाराला सांगितले, तर ते नसलेली गोळी मागता येते.