फाटकावर मनाई, मळ्यात बोलावणे

बेकायदा परकीयांचा प्रश्न निघाला की अमेरिकेत दोन ललकाऱ्या एकदम उठतात. एक पक्ष म्हणतो, हे लोक आमच्या मजुरांच्या तोंडचा घास काढून घेतात, आमच्या शाळा-रुग्णालयांवर भार घालतात; त्यांना हाकलून द्या. दुसरा पक्ष म्हणतो, यांच्या घामावाचून आमची फळे झाडावरच सडतील, आमची घरे बांधून होणार नाहीत; त्यांना राहू द्या. गेली सत्तर-ऐंशी वर्षे हा वाद चालला आहे. राष्ट्राध्यक्ष बदलतात, कायदे होतात, कुंपणे उंच होतात. वाद मात्र जागचा हलत नाही. दोन्ही बाजूंपाशी थोडेथोडे सत्य असले म्हणजे वाद लवकर मिटत नाही, हे खरे. परंतु हा वाद इतका दीर्घकाळ न मिटण्याचे कारण आमच्या मते निराळे आहे. तो न मिटण्यात कोणाचा तरी लाभ आहे. हा लाभ कोणाचा, आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपणांसही केला पाहिजे; कारण त्या वादाची झळ आता आपल्या घरांपर्यंत येऊन पोचली आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील तरुण रणांगणावर आणि कारखान्यांत गेले व शेतांवर माणसे मिळेनाशी झाली. तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका व मेक्सिको या दोन सरकारांनी करार करून मेक्सिकन शेतमजूर ठरावीक मुदतीसाठी आणावयाचे ठरवले. या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. बाहुबळावर राबणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. युद्ध १९४५ साली संपले. योजना मात्र १९६४ च्या अखेरपर्यंत चालली आणि त्या काळात सुमारे ४६ लाख करार झाले. करारात मजुरीचा दर, राहण्याची सोय आणि परतीचे भाडे यांची हमी होती. ही हमी पुष्कळदा कागदावरच राहिली; प्रारंभीच्या वर्षांत बचत म्हणून कापून ठेवलेला वेतनाचा दहावा हिस्सा असंख्य मजुरांच्या हाती कधी पडलाच नाही. तरीही एवढ्या अटीसुद्धा ज्या मळेवाल्यांना जाचक वाटत, त्यांना दुसरा मार्ग मोकळाच होता. रिओ ग्रँड नदी ओलांडून चोरवाटेने आलेला मजूर कसलीही हमी न मागता मिळेल त्या दराने राबावयास तयार होता.

अशा वेळी राज्यकर्त्यांनी काय केले? १९५२ साली अमेरिकन काँग्रेसने बेकायदा आलेल्या परकीयास आसरा देणे हा गंभीर गुन्हा ठरवला. परंतु त्याच कायद्याला टेक्ससच्या मळेवाल्यांची सोय पाहून एक पुस्ती जोडण्यात आली: त्याला कामावर ठेवणे म्हणजे त्याला आसरा देणे नव्हे! रात्री पाठ टेकायला जागा देणारा गुन्हेगार, आणि दिवसभर उन्हात राबवून घेणारा मात्र निर्दोष! पुढे दोनच वर्षांनी, १९५४ च्या उन्हाळ्यात, जनरल जोसेफ स्विंग यांच्या अधिकाराखाली धरपकडीची प्रचंड मोहीम निघाली. दहा लाखांहून अधिक लोक परत गेल्याचा दावा सरकारने केला. तो आकडा फुगवलेला होता, असे इतिहासकारांनी पुढे दाखवून दिले. त्याच सुमारास करारावरील मजुरांची संख्याही वाढवण्यात आली. १९५३ मध्ये वर्षाला दोन लाखांच्या आसपास असलेले करार १९५६ मध्ये चार लाखांवर गेले. एका दाराने माणसे हाकलावयाची आणि दुसऱ्या दाराने तशीच माणसे आत घ्यावयाची, असा हा प्रकार होता. ज्या मळ्यांतून मजूर उचलले गेले, त्यांच्या मालकांच्या केसालाही धक्का लागला नाही.

मजुरीचा प्रश्न आता पाहू. मेक्सिकन मजूर गेला की देशी मजुराची मजुरी वाढेल, या अपेक्षेने १९६४ च्या अखेरीस ब्रासेरो योजना बंद करण्यात आली. ही अपेक्षा फळास आली काय? मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस व हॅना पोस्टेल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून २०१८ साली याचे उत्तर दिले. ज्या राज्यांत ब्रासेरो मोठ्या संख्येने होते, तेथील शेतमजुरी इतर राज्यांहून अधिक वेगाने वाढली नाही. मळेवाल्यांनी देशी मजुरास जादा दर देण्याऐवजी यंत्र आणले. टोमॅटो तोडण्याचे यंत्र आणि त्याचा मार सोसणारे टोमॅटोचे वाण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी सिद्ध करून ठेवलेलेच होते. पाच-सहा वर्षांत कारखान्यांत जाणारा कॅलिफोर्नियाचा बहुतेक टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. ज्या पिकांस यंत्र नव्हते, त्यांची लागवड आवरती घेण्यात आली. एक मजूर घालवला की त्याची जागा दुसऱ्यासाठी तशीच रिकामी राहते, हा समज वरवर पाहता सरळ वाटतो. व्यवहारात तो टिकत नाही.

तथापि यावरून परकीय मजुरांमुळे कोणाचेच काही बिघडत नाही, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. १९८० साली क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे काही महिन्यांत फ्लोरिडात उतरली व मायामी शहरातील कामकऱ्यांची संख्या एकाएकी सात टक्क्यांनी वाढली. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा दर्जा मेक्सिकन मजुराहून निराळा होता. पण मजुरीच्या बाजारावरील परिणाम पाहण्यास हा जणू आपोआप घडलेला प्रयोगच ठरला. ज्यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्या डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली दाखवले की मायामीतील मजुरी व बेकारी यांवर या लोंढ्याचा परिणाम जवळजवळ झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे निराळ्या चाळणीने चाळले. शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्या पुरुषांपुरती मजुरी बरीच घसरली, असे त्यांना आढळले. त्यांची चाळणी फार बारीक आहे, थोड्याशा माणसांवरून मोठे अनुमान काढले आहे, असा प्रतिवादही झाला. बोर्हास हे स्वतः क्यूबात जन्मलेले आणि लहानपणी अमेरिकेत आलेले गृहस्थ आहेत. तेव्हा परकीयांच्या द्वेषाने ते असे लिहितात, असे म्हणून त्यांचे म्हणणे उडवून लावता येणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१६ साली सर्वच स्थलांतरितांचा विचार करून जो मोठा अहवाल काढला, त्याचा मथितार्थ असा: दीर्घकाळात एकंदर मजुरीवर परिणाम नगण्य, जो थोडा तोटा होतो, तो आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि अल्पशिक्षित देशी कामकऱ्यांना सोसावा लागतो. म्हणजे स्वस्त भाजी व स्वस्त घर यांचा लाभ सर्वांना, आणि तोटा मात्र तळाशी उभे असलेल्यांना.

सरकारी तिजोरीच्या हिशेबातही हीच विषम वाटणी दिसते. कागदपत्रे नसलेले कित्येक मजूर खोट्या वा दुसऱ्याच्या क्रमांकावर नोकरी करतात. त्यांच्या पगारातून वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनासाठी कर कापला जातो. पण ते वेतन त्यांपैकी बहुतेकांना कधीच मिळावयाचे नसते. अशा रीतीने एकट्या २०१० साली त्या निधीस सुमारे १२ अब्ज डॉलरांचा निव्वळ लाभ झाला, असा अंदाज खुद्द त्या खात्याच्या गणनातज्ज्ञांनी मांडला आहे. उलट त्यांच्या मुलांना शाळेत घेतलेच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली टेक्ससच्या एका खटल्यात दिला. तो न्याय्य होता. बापाच्या अपराधासाठी मुलाला निरक्षर ठेवणारे राष्ट्र स्वतःचेच भवितव्य नासवत असते. पण त्या शाळेचा खर्च मुख्यतः राज्याने व गावाने सोसावयाचा असतो. जमा वॉशिंग्टनच्या खात्यावर आणि खर्च गावच्या शाळेच्या खात्यावर, अशी ही वाटणी. दोन्ही रकमा एकत्र करून सरासरी सांगणारे पंडित मग म्हणतात की देशाचे काही बिघडलेले नाही. देशाचे बिघडले नसेलही. त्या गावाचे काय?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. परकीय मजूर स्वस्त का पडतो? तो परकीय आहे म्हणून नव्हे. तो भ्यालेला असतो, म्हणून स्वस्त पडतो. मजुरी बुडाली तरी तो तक्रार करीत नाही, हात यंत्रात सापडला तरी नुकसानभरपाई मागत नाही. कारण मालकाच्या एका फोनसरशी त्याची रवानगी होऊ शकते. रेगन यांच्या कारकिर्दीत १९८६ साली झालेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना राहण्याचा परवाना दिला. त्यांच्यातील पुरुषांची मजुरी पुढे काही टक्क्यांनी वाढली, असे अभ्यासकांस आढळले. माणूस तोच, हात तेच, कौशल्य तेच. भय गेले आणि दर वाढला. त्याच कायद्याने बेकायदा मजूर जाणूनबुजून ठेवणाऱ्या मालकास प्रथमच दंडनीय ठरवले. पण मजुराने दाखवलेला कागद दिसावयास खरा असला म्हणजे मालक सुटला, अशी त्यात मेख होती. परिणामी खोट्या कागदांचा धंदा मात्र तेजीत आला. पुढे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, संघटना बांधू पाहणाऱ्या कामगारास मालकाने बेकायदा काढून टाकले तरी तो कामगार कागदपत्रांवाचून आलेला असेल, तर त्याला बुडालेला पगार मागता येणार नाही. मालकाला याहून सोयीचा मजूर कोठे मिळणार? द्राक्षमळ्यांतील संप लढवणारे सीझर चावेझ स्वतः मेक्सिकन वंशाचे. पण संप फोडण्यास असे मजूर आणले जातात, म्हणून त्यांनी सरकारपाशी तक्रारी केल्या. त्या मजुराचे भय हे शेजारच्या कायदेशीर मजुराचेही वेतन खाली ओढते, हे त्यांनी ओळखले होते.

केवळ मजुरास भिवविण्याने काय साधते, हे जॉर्जिया राज्याने २०११ साली अनुभवले. तेथे कडक कायदा होताच मजूर पसार झाले आणि ऐन तोडणीच्या हंगामात शेतकरी हवालदिल झाले. तेव्हा राज्यपालांनी शिक्षा भोगण्याऐवजी देखरेखीखाली मोकळे असलेले गुन्हेगार शेतावर धाडण्याची तोड सुचवली. काकडीच्या शेतावर गेलेल्यांपैकी कित्येकांनी दिवस संपण्याच्या आतच काम सोडले. आजही, २०२० ते २०२२ या वर्षांच्या सरकारी पाहणीनुसार, अमेरिकेतील पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४२ टक्के कामाच्या परवान्यावाचूनच राबत होते. असे चित्र केवळ नजर चुकवून निर्माण होत नसते; त्याला नजरेआड करणाऱ्यांची अनुमती लागते.

आणि आता आपल्याविषयी. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवण्यात आले. प्रवासात त्यांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. त्यांत पंजाब, हरियाणा व गुजरात येथील बहुसंख्य असले तरी तिघे महाराष्ट्रातील होते. पोटासाठी सीमा ओलांडणाऱ्यास दरोडेखोराप्रमाणे जखडणे हे कोणत्याही सुसंस्कृत सरकारास शोभत नाही. पण आपला संताप तेवढ्यावरच थांबू नये. या माणसांकडून लाखो रुपये उकळून, त्यांना ‘डंकी’च्या वाटेने रानावनांतून नेणारे दलाल आपल्याच गावांत उजळ माथ्याने वावरतात. शेतजमीन विकून मुलगा परदेशी धाडणाऱ्या बापाला ही वाट कोठे जाते, हे सांगणारे कोणी भेटत नाही. आणि आपल्या शहरात बांधकामावर एखादा कागदपत्रांवाचून आलेला परकीय सापडतो, तेव्हा त्याला कामावर ठेवणारा कोण, हा प्रश्न आपण तरी कितीदा विचारतो?

आपल्या देशात कोणी यावे व कोणी येऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ज्याला हा अधिकार हवा, त्याने तो प्रामाणिकपणे चालवला पाहिजे. मजुरांची गरज असेल तर तेवढ्यांना उघड्या दाराने, हक्कांसह आत घ्यावे. नसेल तर कायद्याचा पहिला बडगा राबवून घेणाऱ्यावर पडावा. आलेल्याची मजुरी, तो कसाही आलेला असो, कोणास बुडवता येऊ नये. म्हणजे त्याला ठेवण्यातला चोरटा नफा आपोआप सरेल. आणि ज्या तिजोरीत लाभ जमतो, तिने गावच्या शाळेचा भार उचलावा. एवढे केले, तर वादातील निम्मा द्वेष ओसरेल, असे आम्हांस वाटते. ज्याच्या घामावर नफा कमवावयाचा, त्यालाच चोर म्हणून फरफटत न्यावयाचे, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कोणत्याही सिद्धान्तात बसवता आला, तरी न्यायात बसणार नाही.