मराठी मजकूर, वेब-फॉर्म आणि पाच गैरसमज

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातलं कोन गाव लागतं. यंत्रमागांसाठी ओळखला जाणारा हा तालुका आता ऑनलाइन मालाच्या गोदामांसाठीही ओळखला जातो. इथल्या व्यवहारात नाव, पत्ता, पिनकोड आणि रक्कम भरून घेणारा वेब-फॉर्म ही रोजची गोष्ट आहे. तो मराठीतून भरायला घेतला की पुष्कळदा अडतो आणि दोष मराठीवर येतो: लिपी अवघड आहे, वेगळी यंत्रणा लागेल, साइट जड होईल. यातलं काहीही खरं नाही. लागणारी साधनं ब्राउझरमध्ये आधीपासून आहेत. गाडी अडते ती डोळ्यांना दिसणारं एक अक्षर म्हणजे संगणकाचं एक कॅरेक्टर, या इंग्रजीवरून उचललेल्या गृहीतकापाशी.

गैरसमज १: ‘लेंग्थ’ अक्षरं मोजते.

वस्तुस्थिती: जावास्क्रिप्टमधली ‘लेंग्थ’ युटीएफ-१६ची एककं मोजते. युनिकोडमध्ये व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. त्यामुळे ‘कोन’ची लेंग्थ 3 येते आणि ‘भिवंडी’ची 6, जरी वाचणाऱ्याला दोन आणि तीनच अक्षरं दिसत असली तरी. प्रोफाइलच्या गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवायला ‘स्लाइस’ वापरलं, तर ‘को’ऐवजी नुसता ‘क’ उमटतो. मोठं शीर्षक मध्येच कापलं, तर शेवटची वेलांटी गळून पडते. यावरचा उपाय ‘इंटल सेगमेंटर’ हा आहे. भाषा ‘एमआर’ आणि तुकड्यांचा प्रकार ‘ग्राफीम’ दिला की तो मात्रेसह अक्षर सुटं करून देतो. क्रोममध्ये तो 2020 मध्ये आला, फायरफॉक्समध्ये एप्रिल 2024 मध्ये. मात्र जोडाक्षरांबाबत सावध राहावं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात 10 संकेतांक आहेत. युनिकोडच्या 2023 मधल्या 15.1 आवृत्तीच्या नियमांनुसार त्याचे चार तुकडे पडतात, कारण ‘ष्ट्र’ अखंड धरला जातो. त्याआधीच्या नियमांनी सहा पडत. म्हणून सेगमेंटर दाखवण्यासाठी वापरावा आणि साठवणुकीची मर्यादा संकेतांकांवरच ठरवावी. नाहीतर एकच नाव एका ब्राउझरमध्ये चालेल आणि दुसऱ्यात नाकारलं जाईल.

गैरसमज २: रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ए ते झेडच्या जागी युनिकोडचा ‘अक्षर’ वर्ग टाकला की काम झालं.

वस्तुस्थिती: हे अर्धंच काम आहे. जावास्क्रिप्टमध्ये 2018 पासून युनिकोडचे वर्ग वापरता येतात, पण मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे ‘अक्षर’ म्हणजे ‘एल’ वर्गात नसून ‘चिन्ह’ म्हणजे ‘एम’ वर्गात आहेत. केवळ पहिला वर्ग मान्य करणारी चाचणी ‘कोन’मधल्या ओकारावरच नापास करते. दोन्ही वर्ग, मोकळी जागा, टिंब आणि जोडरेघ एवढं मान्य केलं की बहुतेक मराठी नावं पार होतात. यावर आक्षेप असा की दार इतकं उघडं ठेवलं तर घातक मजकूर आत शिरेल. पण डेटाबेसचं संरक्षण पॅरामीटर बांधलेल्या क्वेरीने होतं आणि पानाचं संरक्षण मजकूर दाखवताना केलेल्या एस्केपिंगने. अक्षरांची गाळणी हे संरक्षण नव्हेच. तिच्यामुळे हल्लेखोर थांबत नाही, खरा ग्राहक मात्र थांबतो.

गैरसमज ३: दिसायला सारखं ते संगणकालाही सारखंच.

वस्तुस्थिती: ‘गोऱ्हे’ किंवा ‘वऱ्हाड’ यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ‘ऱ’ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर फरक दिसत नाही, पण शोध घेतला तर एक रूप दुसऱ्याला सापडत नाही. ‘नॉर्मलाइज’ हे फंक्शन नुक्ता वेगळा टाइप केलेला ‘ऱ’ एकत्र करून देतं. जॉइनरची जोडी मात्र ते तशीच ठेवतं. तिथे स्वतःची एक ओळ लिहावी लागते: र, हलन्त आणि जॉइनर ही साखळी दिसली की तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचा. काहीजण अदृश्य चिन्हांनी फसवणूक होते म्हणून सगळेच जॉइनर उडवतात. धोका खरा आहे, पण तसं केल्याने ‘गोऱ्हे’चं ‘गोर्हे’ होतं. आधी ही बदलाची ओळ चालवावी आणि त्यानंतर हलन्ताला लागून नसलेले जॉइनर काढावेत. हा क्रम पाळला की दोन्ही हेतू साधतात.

गैरसमज ४: आकडे तरी सगळीकडे सारखेच.

वस्तुस्थिती: भिवंडीचा 421302 हा पिनकोड ‘४२१३०२’ असा लिहिला की जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ फंक्शन ‘नॅन’ परत देतं. तिथल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश-डी फक्त 0 ते 9 ओळखतो. पायथन 3 मध्ये याच्या उलट आहे: देवनागरी आकड्यांचं पूर्णांकात रूपांतर होतं आणि बॅकस्लॅश-डीदेखील जुळतो. म्हणजे समोरचा फॉर्म नाकारतो ते मागचा सर्व्हर स्वीकारतो, आणि डेटाबेसमध्ये एकाच पिनकोडची दोन रूपं जमतात. देवनागरी शून्याचा संकेतांक 2406 आहे. प्रत्येक आकड्याच्या संकेतांकातून तेवढे वजा केले की खरी किंमत मिळते. हे रूपांतर फॉर्म स्वीकारतानाच करावं. रक्कम दाखवताना ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला भारतातली मराठी सांगितली की लाख-कोटींचे स्वल्पविराम आपोआप पडतात, त्यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही.

गैरसमज ५: मराठीने पान जड होतं, म्हणून रोमन लिपी बरी.

वस्तुस्थिती: युटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक 3 बाइट घेतो, रोमन अक्षर 1. इथवर आक्षेप बरोबर आहे. पण मजकूर सर्व्हरवरून दाबून पाठवला जातो आणि पानाचं वजन बहुधा चित्रांनी व स्क्रिप्टनी वाढतं. फॉन्टचीही सक्ती नाही, कारण अँड्रॉइड, विंडोज आणि मॅकमध्ये देवनागरी फॉन्ट असतोच. आकाराचा फटका खरोखर बसतो तो एसएमएसमध्ये: रोमन संदेशाला 160 कॅरेक्टरं मिळतात, देवनागरीला 70. तो हिशेब वेबपानाला लावणं चुकीचं आहे. रोमनमध्ये न आणि ण यांतला भेद पुसला जातो, हा वेगळाच तोटा. शिवाय कोन नावाचं गाव पनवेल तालुक्यातही आहे. म्हणून गावाचं नाव, कोणत्याही लिपीत असो, ओळखीची किल्ली होऊ शकत नाही. तालुका आणि पिनकोड सोबत घ्यावाच लागतो. पानाच्या मुळाशी भाषा ‘एमआर’ लिहिली की स्क्रीन-रीडर मराठी आवाज निवडू शकतो आणि काही फॉन्ट ल, श यांची मराठी वळणं दाखवतात. ही नोंद सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत सर्वांत पायाभूत पातळीवर आहे.

ग्राहक इंग्रजीतच भरतात, मग हा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. पण मराठी नाकारणाऱ्या फॉर्मच्या नोंदींत इंग्रजीच दिसणार. तो पसंतीचा पुरावा ठरत नाही. फोनवरचा मराठी कीबोर्ड आणि बोलून टाइप करण्याची सोय यांमुळे देवनागरी लिहिणं आता सोपं आहे, आणि वर सांगितलेली दुरुस्ती मोजक्या ओळींची आहे. तेव्हा पुढचा फॉर्म प्रसिद्ध करण्याआधी त्यात ‘कोन’, ‘महाराष्ट्र’, दोन्ही प्रकारे लिहिलेलं ‘गोऱ्हे’ आणि ‘४२१३०२’ भरून पाहा. यातलं एक जरी अडलं, तरी दुरुस्ती कोडमध्ये करा. ग्राहकाला इंग्रजीत लिहायला सांगू नका.