धंतोलीचा सीए रिपोर्ट

पूर्व विदर्भातील एखाद्या पोलीस ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला आणि शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूच्या कारणासमोर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढीच ओळ आली, की त्या प्रकरणाचा निर्णय, निदान काही काळ तरी, नागपुरात धंतोलीला जेल रोडवर असलेल्या एका सरकारी इमारतीच्या स्वाधीन होतो. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हे तिचे पाटीवरचे नाव. परंतु ठाण्यातला हवालदार, कोर्टातला कारकून आणि फौजदारीचा वकील हे तिघेही तिथून येणाऱ्या कागदाला ‘सीए रिपोर्ट’च म्हणतात, कारण मुंबई इलाख्यातील ‘केमिकल अॅनालायझर’ हे पद इलाखा गेल्यावरही रासायनिक विश्लेषक या नावाने शाबूत राहिले. एकोणिसाव्या शतकात त्या पदावर असलेल्या डॉ. लायन यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचा जो ग्रंथ लिहिला, त्याने पुढे कित्येक सिव्हिल सर्जनांना वाट दाखविली.

नागपूर मात्र त्या इलाख्यात नव्हते. मध्य प्रांतातला व्हिसेरा आग्र्याच्या केमिकल एक्झामिनरकडे जाई, आणि ज्या हँकिन साहेबाने १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू तग धरीत नाहीत असे लिहून शास्त्रज्ञांना चकित केले, तोच या प्रांतातील विषप्रयोगांची छाननी करीत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भाचे दफ्तर मुंबईला जोडले आणि कालांतराने प्रयोगशाळेची प्रादेशिक शाखा नागपुरातच झाली. आग्र्याची वाट कायमची सुटली.

या संस्थेचा खरा परिचय यंत्रांच्या दालनापेक्षा मुद्देमाल स्वीकारण्याच्या टेबलावर अधिक चांगला होतो, असे माझे मत आहे. शिपाई बरण्या मांडतो: एकीत जठर आणि त्यातील अन्न, दुसरीत यकृत, प्लीहा व मूत्रपिंड यांचे अंश, सारे मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडालेले, आणि सोबत त्याच मिठाच्या पाण्याचा कोरा नमुना, कारण विष मिठातूनच आले असा आक्षेप वकिलाने घेतला तर त्याला उत्तर हवे. बरणीवरची लाखेची मोहोर पत्रासोबतच्या नमुना मोहोरेशी जुळते की नाही हे पाहिल्यावाचून पुढचे काही घडत नाही. मोहोर फुटलेली, चिठ्ठीवरचे नाव पुसलेले किंवा मिठाऐवजी फॉर्मॅलिन ओतलेले असेल, तर आत किती उत्तम उपकरण आहे या चौकशीला फारसा अर्थ उरत नाही.

आतली रीत पुष्कळशी जुनीच आहे. बेल्जियमच्या स्टास या रसायनज्ञाने १८५० मध्ये एका सरदाराने आपल्या मेहुण्याला निकोटिन पाजल्याचे सिद्ध करताना जी पद्धत काढली, म्हणजे अवयव वाटून आम्लयुक्त मद्यार्कात भिजवायचे, गाळून आटवायचे आणि द्रावण अल्कधर्मी करून ईथरने विष ओढून घ्यायचे, तिचाच सुधारलेला अवतार अजून चालतो. बदलले ते त्यानंतरचे. पूर्वी रंग पालटला की विश्लेषकाने डोळ्यांनी कौल द्यायचा. आता तो अर्क जीसीएमएस किंवा एलसीएमएस यंत्रात जातो, जेथे घटक एकेक विलग होतो, त्याच्या रेणूचे तुकडे होतात आणि तुकड्यांच्या वस्तुमानावरून मूळ विष ओळखले जाते. धोतरा, बचनाग आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया अजून पूर्णपणे हद्दपार झालेल्या नाहीत, पण कापसाच्या या मुलखात आता राज्य कीटकनाशकांचे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा अडचण हीच होती की मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाने रक्तातील कोलिनेस्टरेज घटते आणि ते मोजता येते, पण डायफेन्थियुरॉनची खूण त्या मोजमापात उमटत नाही; आणि शेतावर तर दोन-तीन औषधे एकाच पंपात कालविलेली असतात.

जीवशास्त्राच्या बाजूला क्रांती याहून मोठी. १९८४ साली लेस्टरला अॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचा ठसा सापडला आणि अल्पावधीतच हैदराबादेत लालजी सिंह यांनी स्वतःची पद्धत उभी केली. तेव्हा रक्ताचा भरपूर डाग लागे. आज एका पेशीत जेमतेम ६.६ पिकोग्रॅम डीएनए असूनही शे-दीडशे पेशींतून विसाहून अधिक स्थानांचा आलेख निघतो. मिश्र नमुन्यात पुरुषाचा अंश तेवढा वेगळा वाचायचा, तर वाय गुणसूत्राची चाचणी बहुमोल ठरते. परंतु ते गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जात असल्याने, अर्धे गाव एकाच आडनावाचे असेल तेथे तो आलेख एका इसमाकडे नव्हे, तर अख्ख्या भावकीकडे बोट दाखवितो. हे सांगण्याचा प्रामाणिकपणा अहवालात हवा, आणि तो वाचण्याची सवय कोर्टालाही हवी.

नागपूरला वनाचे शेजार असल्यामुळे इथे आणखी एक शाखा वाढली. शिजविलेल्या रश्श्यातील तुकडा बकऱ्याचा की चितळाचा हे सूत्रकणिकेच्या डीएनएवरून सांगता येते. पूर्वी असे नमुने हैदराबादला किंवा डेहराडूनला धाडावे लागत, अलीकडे ही तपासणी नागपुरातच होऊ लागली. २०१८ मध्ये नरभक्षक ठरविलेल्या पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीच्या प्रकरणात मृतांच्या अंगावरील लाळेची तपासणी किती निर्णायक मानावी यावर वाद माजला होता, हे अनेकांना आठवत असेल.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याचे बंधन घातले. त्यासाठी राज्यांना मुदत आहे. पण बरण्या आणि पाकिटे वाढणार हे उघड आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दंडक घालून दिला: डीएनएचे नमुने अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचावेत. धंतोलीपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर रस्ता अडवितो. विलंबाचे कारण केस डायरीत नोंदवावे, अशी सवड त्याच निकालात आहे, आणि पुराचे कारण तेथे खुशाल लिहिता येते; मात्र ओले कपडे तोवर सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे, प्लास्टिकमध्ये नव्हे, आणि रक्ताच्या बाटलीसाठी बर्फ कोठून तरी पैदा करायचा, ही तजवीज त्या ठाण्यातील हवालदारालाच करावी लागते.