रात्रपाळी खेकड्याला मानवते, माणसाला नाही

पहिला जोराचा पाऊस झाला की मावळ-खेडच्या ओढ्यांवर रात्री बॅटऱ्या चमकू लागतात. दिवसा दगडाखाली दडलेला खेकडा अंधार पडल्यावर बाहेर येतो, हे पकडणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्याच सुमारास चाकण, महाळुंगे, भोसरीच्या कारखान्यांत तिसऱ्या पाळीची माणसे आत शिरत असतात. खेकड्याच्या पेशी रात्रीच्या कामासाठीच घडलेल्या आहेत, माणसाच्या नाहीत.

खेकड्याला रात्र कळते ती फक्त डोळ्यांनी नव्हे. समुद्रकाठच्या चिखलात राहणारा, एक नांगी भलीमोठी असलेला फिडलर खेकडा दिवसा गडद असतो, रात्री फिका पडतो. १९४०च्या दशकात अमेरिकेत फ्रँक ब्राऊन यांनी असे खेकडे सतत अंधारात ठेवले, तरी त्यांचे रंग दिवस-रात्रीच्या हिशेबाने बदलतच राहिले. घड्याळ अंगातच होते.

खेकड्याच्या डोळ्यांच्या देठात एक छोटी ग्रंथी असते. रंग, रक्तातली साखर, कात टाकणे या गोष्टींवर तिच्या संप्रेरकांचा ताबा असतो. हे देठ काढले तर कात टाकण्यावरचा लगाम सुटतो. डोरोथी ब्लिस यांना जमिनीवरच्या खेकड्यांत दिसले की अंधार, ओलावा आणि एकांत मिळाला तर ते कात टाकायला लागतात. उजेडात टाळाटाळ करतात. आपल्याकडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. आर. नागभूषणम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खेकड्यांच्या संप्रेरकांवर बरेच काम केले.

हे घड्याळ चालते जनुकांवर. त्यातले ‘पीरियड’ हे जनुक फळमाशीत सापडले. ते चालू असताना एक प्रथिन तयार होते. ते साचले की पेशीच्या केंद्रकात जाऊन त्याच जनुकाला बंद करते. प्रथिन विरले की जनुक पुन्हा चालू. एक फेरा साधारण २४ तासांचा. या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चे नोबेल मिळाले. याच जातीची जनुके खेकड्यात आहेत आणि माणसातही. उजेड रोज त्यांची वेळ जुळवतो. पुणे परिसरात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस ११ तासांचा, तर जूनमधला मोठा सव्वातेरा तासांचा. प्राण्यांच्या शरीराला ऋतू ओळखायला एवढा फरक पुरतो.

आता कामगाराकडे येऊ. ब्रिटनच्या सरे विद्यापीठाने २०१४ मध्ये २२ निरोगी माणसांची झोप रोज चार तास पुढे ढकलली. झोप उलट वेळेला आली, तेव्हा रक्तातली दिवस-रात्रीच्या तालावर चालणारी जनुके सुमारे ६ टक्क्यांवरून १ टक्क्यावर घसरली. घड्याळाचा काटा मागेपुढे होणे वेगळे. इथे तालच हरवला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे, तेही उगाच नाही.

रात्रपाळी बंद करणे कामगाराच्या हाती नसते, पण जेवण असते. रात्रपाळीसारख्या वेळापत्रकात दिवसाच जेवणाऱ्यांची साखर वाढली नाही, रात्री जेवणाऱ्यांची वाढली, असे २०२१च्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले. म्हणून मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी उरकावे, मध्यरात्री कॅन्टीनच्या वडापावाऐवजी हलके काही खावे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. कंपनीच्या बसने परतणाऱ्याने सकाळच्या उन्हात गडद चष्मा लावला तर घरी लवकर झोप लागते. दुचाकी चालवणाऱ्याने मात्र हे करू नये. त्याला घरी पोहोचेपर्यंत जागे राहायचे आहे.

पाळ्या फिरवणाऱ्या व्यवस्थापनाने क्रम पहिली, दुसरी, तिसरी असा पुढे नेला तर शरीराला कमी जड जातो. उलटा क्रम छळतो. आणि घरच्यांनी? खिडकीला जाड पडदा लावावा, दुपारी एक वाजता कुरिअरवाल्याने बेल वाजवू नये म्हणून दारावर चिठ्ठी लावावी.