सुझन कॅल्विन आणि आणखी दोन सुझन

आयझॅक असिमॉव्हची सुझन कॅल्विन विज्ञानकथांच्या वाचकांना माणूसघाणी म्हणूनच ठाऊक आहे. यंत्रमानवांच्या मनाची ही तज्ज्ञ अविवाहित, तुटक बोलणारी. मे १९४१च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकातल्या ‘लायर!’ या कथेत ती अवतरली, तेव्हा असिमॉव्ह अवघ्या एकवीस वर्षांचा होता.

या कथेतला यंत्रमानव हर्बी मन वाचतो. त्याला शास्त्राची पुस्तकं कंटाळवाणी वाटतात, कादंबऱ्या मात्र आवडतात. तुझा सहकारी तुझ्यावर प्रेम करतो, असं तो सुझनला सांगतो आणि ही करारी बाई लिपस्टिक लावून येते. (इथे असिमॉव्हचं वय दिसतं. हुशार बाईचं हसं करायला त्याला लिपस्टिकच आठवावी!) पण उलगडा होतो तो तिलाच. पुरुष सहकारी गणितात चूक शोधत असतात. हर्बी खोटं का बोलतो, हे तिला कळतं: माणसाला इजा करायची नाही, हा नियम तो मनाच्या जखमेलाही लावतो. मग ती त्याला अशा पेचात धरते, की बोललं तरी कुणी दुखावणार, गप्प राहिलं तरी दुखावणार. हर्बी कोसळतो. तिला दया येत नाही.

या सुझनची खरी जुळी मला सापडते ती विज्ञानकथेबाहेर. अमेरिकन नाटककार सुझन ग्लास्पेल हिच्या १९१६ सालच्या ‘ट्रायफल्स’ या एकांकिकेत एका शेतकऱ्याचा खून झालेला असतो. शेरीफ आणि सरकारी वकील माडी, गोठा पालथा घालतात. स्वयंपाकघरात काय असणार म्हणून हसतात. तिथेच दोन बायकांना गोधडीतली एक वेडीवाकडी शिवण दिसते आणि शिवणाच्या पेटीत मान मुरगळलेला पक्षी. कॅल्विनसारखंच, पुरुषांना न दिसलेलं खुनाचं कारण त्यांच्या हाती लागतं आणि त्या ते लपवून टाकतात. ग्लास्पेल तरुणपणी आयोवात वार्ताहर होती. तिथे तिने वार्तांकन केलेल्या खटल्यातूनच हे नाटक उभं राहिलं.

तिसरी सुझन म्हणजे अमेरिकन निबंधकार सुझन सोंटाग. विज्ञानपट विज्ञानाबद्दल नसतातच, ते विध्वंसाबद्दल असतात, असं तिने १९६५च्या निबंधात मांडलं. पडद्यापुरतं ते पटतं, ‘लायर!’मध्ये मात्र एक इमारतही पडत नाही.

‘लायर!’ असिमॉव्हच्या ‘आय, रोबॉट’ या १९५०च्या संग्रहात आहे. ती वाचाच, आणि लगोलग ‘ट्रायफल्स’ही वाचा, एका बैठकीत दोन्ही होतात.