काट्यावरचे पाणी

दहिवरात वेचलेला कापूस आणि दुपारच्या उन्हात वेचलेला कापूस यांच्या वजनातील तफावत यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी पुरती ओळखून असतो. खरेदी केंद्रावरही केवळ काट्यावर विसंबून भागत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा गृहीत धरलेला असतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि त्याहून ओला माल नाकारला जातो.

वजनात माल किती नि पाणी किती, हा रोकडा प्रश्न आपण स्वतःच्या देहाबाबत मात्र विचारीत नाही. पूर्वी रेल्वे स्थानकांवर नाणे टाकले की यंत्रातून तिकीट येई. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य. दोन्ही सारख्याच श्रद्धेने वाचली जात! आता काटा घरोघरी आला, श्रद्धा तीच राहिली. पहाटे नेमाने फिरणाऱ्या शिक्षकाला सोमवारी ७२ किलो व मंगळवारी ७३ दिसले की रात्रीची भाकरी बंद होते, किंवा फिरणेच सुटते.

वस्तुतः प्रौढ देहाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. लिटरभर पाणी प्याले की काटा तत्क्षणी किलोभर सरकतो. लोणचे-पापड अधिक झाले तर मीठ पाणी धरून ठेवते. यकृतात व स्नायूंत साठणाऱ्या शर्करेच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. उपवासाच्या पहिल्या दिवसांत झरझर उतरणारे वजन बहुतांशी हेच, आणि पारणे होताच ते परतते. नव्याने व्यायाम सुरू केला की ताणलेले स्नायूही पाणी धरतात. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वी वजन वाढते. याउलट किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ती एका रात्रीत अंगी लागायची तर नेहमीच्या जेवणावर आणखी तीन दिवसांचे अन्न रिचवावे लागेल!

काटा हाच पंच असतो तो कुस्तीत. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले ते ५७ किलो गटात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आदल्या दिवशी ५० किलोंत बसलेली विनेश फोगट दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅमने अधिक भरली व अंतिम लढतीस मुकली. त्या रात्री तिच्या अंगी चरबी चढली, असे कोण म्हणेल? पण तेथे नियम आहे. आपल्याला ही शिक्षा कोणी ठोठावलेली नाही. ती आपण होऊन का भोगावी?

वजन करायचेच तर सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे, आणि आठवड्याची सरासरी काढून ती मागील महिन्याशी ताडून पाहावी. जोडीला कंबरेस फीत लावावी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणाला तर १,६०० मीटर धावण्यास लागलेला वेळ काट्यापेक्षा अधिक खरे सांगेल.

मात्र कोणताही प्रयत्न न करता महिना-दोन महिने वजन घटतच राहिले, तर मधुमेह, क्षय यांची तपासणी टाळू नये. आणि हृदयविकाराच्या ज्या रुग्णाला डॉक्टरांनी रोज वजन करण्यास सांगितले आहे, त्याने दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढताच दवाखाना गाठावा. त्याच्या काट्यावर पाणीच तर पाहायचे असते.